तीस जीव

दारव्ह्यात, कृषी केंद्र आणि फोटो स्टुडिओच्या मधोमध
नऊ फुटांचं दुकान. पेंटरनं पाटीवर
एक टिंब जादा ठेवलेलं : व्हिडिओ गेंम.
नानू गुल्हाने म्हणायचा, राहू दे,
टिंबाचे पैसे नाही घेतले त्यानं.

तासाला सहा रुपये. मेला की रिमोट पुढच्याला.
एवढा एकच कायदा, आणि तो सगळ्यांना सारखा :
नायब तहसीलदाराच्या पोराला, मला,
जिनिंगच्या ट्रकवरच्या त्या क्लीनरला
जो आठवड्यातून एकदाच यायचा
आणि पहिल्याच खड्ड्यात पडायचा.

कॅसेटवर छापलेलं असायचं
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम.
होते चौदा.
तेच चौदा नाव बदलून फिरून यायचे,
आभाळ तेवढं निळ्याचं जांभळं व्हायचं.
फसवलं असं कधी वाटलं नाही आम्हाला.
गावही तसंच होतं.

कॅसेट अडली की नानू ती उपसून
तिच्या पोटात फुंकर मारायचा, चूल पेटवावी तशी.
काय उडायचं त्यातून, कोण जाणे.
चालायची.

मग गुरुवारच्या बाजारात ताडपत्रीवर
सीड्यांचा ढीग आला, शंभराला तीन.
लसणाच्या शेजारी.
नानूनं दर उतरवला. सहाचे चार, चाराचे तीन.
मग एका उन्हाळ्यात सगळ्यांच्या हातात मोबाईल,
आणि गेम फुकट.
फुकटच्या खाली कोणता दर असते,
हे त्यानं स्टुडिओवाल्याला खरंच विचारलं होतं.

काचेमागे आता कव्हर, चार्जर, आधारची झेरॉक्स.
वर फ्लेक्स लागला. वारा सुटला की त्याचं टोक उचलतं
आणि खालचं जुनं टिंब दिसतं.

मी पार्सल वाटतो. दारव्हा, लाडखेड, बोदेगाव,
एका डब्यामागे तेरा रुपये.
परवा पोत्यातून एक निघाला :
गुल्हाने एन. बी., मेन रोड, फोटो स्टुडिओच्या बाजूला.

त्यानं कैचीनं टेप कापली.
काळा रिमोट, दोन दांड्यांचा.
काचेमागून तसाच दुसरा काढला,
धूळ शर्टाला पुसून याच्या शेजारी ठेवला.
"हा मले नागपूरहून सहाशे वीसले पडला. होलसेल.
अन् हा घरपोच चारशे नव्व्याण्णव.
तुहा पगार याच्यातूनच निघते ना बे?"
मी म्हटलं, हो.
"मंग सांग बरं, बुडून कोण राह्यलं?"
राग नव्हता आवाजात.
वायर कुठं तुटली ते बोटानं चाचपावं, तसं विचारलं.

पायरीवर चार पोट्टे मोबाईलात वाकलेले.
वायफाय त्याचं. पासवर्डही त्यानंच दिलेला.
कोणी मेलं तरी तिथं
मोबाईल पुढच्याला जात नव्हता.

मी म्हटलं, ओटीपी सांगा.
त्यानं चष्मा कपाळावर नेला, फोन लांब धरला,
आणि मला सातवीतली ती रात्र आठवली :
शटर अर्धं खाली, आणि त्यानं कानात सांगितलेलं,
वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं.
तीस जीव भेटतात. कोणाले सांगू नको.
दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आत
मी अख्ख्या शाळेला सांगितलं होतं.

"सात. दोन. दोन. थांब... आठ."
झालं, मी म्हणालो.
आवडला नाही तर सात दिवसांत परत करता येतो.
तो टीव्हीच्या मागं वाकून काहीतरी खुपसत होता.
पडद्यावर मुंग्या आल्या, मग निळं.

त्यानं दोन्ही रिमोट माझ्याकडं सरकवले.
"कोणता घेतं?"

बाहेर गाडी सुरूच होती.
पोत्यात अजून अकरा डबे.